कुडावरचं सवाई

"काहून व बाई, पैसे देऊन गानं आयकाले गेली होतीस म्हनते?"

मी अजून तोंडही धुतलं नव्हतं. पोपटीच्या वेलाआडून काकूंचा आवाज आला आणि मला कळलं, बातमी माझ्या आधीच वरठी स्टेशनवरून ऑटोत बसून भंडाऱ्यात पोचली आहे.

आमच्या दोन घरांच्या मधे बांबूच्या कमच्यांचा कूड आहे. दर दिवाळीनंतर अर्धा त्या बांधतात, अर्धा मी. वेल कोणाचा, हे मात्र आजवर ठरलेलं नाही. मूळ त्यांच्या सांदवाडीत आणि शेंगा बहुतेक माझ्या बाजूला. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत रोज सकाळी दोघी दोन बाजूंनी तोडायला उभ्या राहतो आणि भाजी होते तेवढ्या शेंगा जमेपर्यंत गावाचं सगळं बोलून होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. काकू मला तीस वर्षं 'बाई' म्हणतात, ते शाळेतल्या बाई म्हणून. वयानं त्या माझ्या आईच्या बरोबरीच्या, म्हणून बाकी सगळं 'तू'.

"पाच दिवस होतं जी काकू. पुण्याला. सवाई गंधर्व महोत्सव. पोरीनं तिकीट काढून ठेवलं होतं."

"बसाले काय होतं? खुर्ची?"

"खुर्चीचं तिकीट महाग. आमची भारतीय बैठक."

"म्हंजे?"

"म्हणजे खाली बसायचं."

काकूंच्या हातातली शेंग हातातच राहिली. "खाली बसाचे पैसे? अव माय! आमी मंडईले जातो तं आपलं पोतं घेऊन जातो. पोत्यावर बसतो, सकारी पोतं झटकून घरी येतो. कोनी रुपया नाई मांगत."

ज्यांना आमची मंडई ठाऊक नाही त्यांना ती भाजीबाजारासारखी वाटेल. भाऊबीज झाली की भंडारा-गोंदियाकडे गावोगाव एकेक दिवस मंडईचा. दिवसा दुकानं, पाळणे, पाहुण्यांची वर्दळ. लेकी माहेरी आलेल्या असतातच, एखादी सोयरीकही त्याच गर्दीत जुळते. रात्र पडली की दंडार, नाहीतर खडी गंमत, नाहीतर झाडीपट्टीचं नाटक, ते कोंबडा आरवेपर्यंत. काकूंचं माहेर पवनीकडचं, वैनगंगेच्या काठाला. तिथली मंडई त्यांनी एक वर्ष चुकवलेली नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षीही जावयाच्या गाडीत मागच्या सीटवर पाय लांब करून गेल्या होत्या.

"बरं, गेली कशी?"

गेले महाराष्ट्र एक्सप्रेसनं. गोंदियाहून सुटते, वरठीला आपल्याला उचलते आणि थेट कोल्हापूरपर्यंत जाते. एकाच राज्यात एवढी लांब धावणारी गाडी क्वचितच सापडेल. सकाळी बसलेला माणूस भुसावळला संध्याकाळ, मनमाडला रात्र आणि पुण्याला पहाट बघतो. डब्यात चिवडा, दशम्या आणि दोन डबे सांभारवडी.

या सांभारवडीनं पुण्यात घोळ घातला. पोरीच्या मैत्रिणी जेवायला आल्या होत्या. मी म्हटलं, सांभारवडी घ्या. एकीनं विचारलं, "काकू, मग सोबत इडली पण आहे का?" आपल्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात हे त्या बिचारीला कुठून माहीत असणार? दुसरी पोरगी फार चांगली, पण तिनं मला हळूच सुधारलं. मी म्हणाले होते, "मी काल शनिवारवाड्यावर गेली होती." ती म्हणाली, "गेले होते." मी तीस वर्षं मराठी शिकवली, वहीत शेकडो 'गेले' लाल शाईनं काढून दिले. पण घरचं 'गेली' काही तोंडातून गेलं नाही.

"मंग तू काय म्हनली?"

"काय म्हणणार! म्हटलं, 'वडी घे'."

काकू अशा हसल्या की त्यांच्या नातसुनेनं स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. नातसून नागपूरची. तिचं म्हणणं, गाणी ऐकायला एवढ्या लांब कशाला जायचं, नागपुरात खासदार महोत्सवात टीव्हीवरचे गायक येतात. मी म्हटलं, हे गाणं वेगळं, शास्त्रीय. तिनं 'अच्छा' म्हणून डोकं आत घेतलं. शास्त्रीय या शब्दाची दहशतच तशी. आमच्या लहानपणी आकाशवाणी नागपूरवर शास्त्रीय लागलं की वडील रेडिओ बंद करायचे, सेल वाचवायला. बातम्या लागल्या की परत सुरू. म्हणजे मी साठ वर्षं शास्त्रीय संगीताच्या आधीचं आणि नंतरचं सगळं ऐकलेलं, मधलं तेवढं राहून गेलेलं.

"गंधर्व तं बालगंधर्व," काकू म्हणाल्या. "हा सवाई कोन?"

"रामभाऊ कुंदगोळकर त्यांचं नाव. धारवाडकडचे. नाटकात बाईची कामं करायचे, गायचे."

"म्हंजे आपल्या गंमतीतल्या नाच्यासारखा?"

ही तुलना पुण्यात कोणासमोर केली असती तर मला मांडवाबाहेर काढलं असतं. पण काकूंच्या तोंडी नाच्या म्हणजे शिवी नव्हे. लुगडं नेसून रात्रभर आवाज आणि अंग दोन्ही सांभाळणाऱ्या माणसाबद्दल त्यांना भारी आदर. मी म्हटलं, तसंच समजा. आणि मग माझ्याकडचा हुकमी पत्ता काढला. "काकू, 'सवाई गंधर्व' हे नाव त्यांना कुठं मिळालं माहीत आहे? अमरावतीला! दादासाहेब खापर्डे होते ना, टिळकांचे दोस्त, त्यांनी रामभाऊंचं नाटकातलं गाणं ऐकून दिलं. नाव आपल्या वऱ्हाडानं ठेवलं आणि बारसं साजरं करते पुणं."

"सवाई म्हंजे सव्वा ना?"

"हो. गंधर्वाहून पावपट जास्त."

"मले सवाई शिकवते का तू?" काकूंनी सूप कुडावर टेकवलं. "आमच्या बापानं पेरनीच्या वक्ती सवाईनं धान उचललं होतं. एक पायली घेतली की सुगीले सव्वा पायली वापस. थे सवाई फेडता फेडता त्यायची कंबर गेली. तुझ्या गंधर्वाले पाव पायली फुकट भेटली, नशीबवान."

मी शिकवायला गेले की हे असं होतं.

तेवढ्यात त्यांना 'घराणं' हवं झालं, कारण पोरीनं मोबाइलवर पाठवलेलं काहीतरी नातसुनेनं वाचून दाखवलं होतं. मी म्हटलं, किराणा घराणं. काकू थांबल्या. "दुकानवाल्यायचं?" नाही जी, उत्तर प्रदेशात कैराना नावाचं गाव आहे, त्यावरून. अब्दुल करीम खाँ तिथले, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर. "मंग ठीक आहे," काकू म्हणाल्या, "मले वाटलं उधारीवर शिकवत होते."

सवाई गंधर्व 1952 मध्ये गेले. भीमसेनांनी दुसऱ्याच वर्षी गुरूच्या नावानं पुण्यात हा उत्सव सुरू केला, आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीनं. ते स्वतः 2011 च्या जानेवारीत गेले, तेव्हापासून नावात त्यांचंही नाव जोडलं. कोरोनाची दोन वर्षं उत्सव झाला नाही. म्हणून 2024 चा हा सत्तरावा, 18 ते 22 डिसेंबर. पूर्वी रमणबाग शाळेच्या पटांगणात व्हायचा, आता मुकुंदनगरच्या क्रीडासंकुलात होतो. हे सगळं मला माझ्या शेजारी बसलेल्या मफलरवाल्या काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. गाणं सुरू व्हायला वेळ होता आणि त्यांना मी नवी आहे हे माझ्या पिशवीवरून कळलं होतं.

पिशवीचं असं की जुन्या माणसांच्या पिशव्या बघाव्यात. प्रत्येकाकडे घडीची चटई, पाठ टेकायला काहीतरी, थर्मास, शाल, कानटोपी, औषधाची डबी, आणि चपला ठेवायला वेगळी प्लास्टिकची थैली. माझ्याकडे काय? पर्स, पाण्याची बाटली आणि उरलेली सांभारवडी. काकांनी स्वतःच्या चटईची घडी अर्धी उलगडून माझ्याकडे सरकवली. "पहिल्यांदा आलात ना? उद्या पाठीला उशी आणा. गाणं कान ऐकतो, पण बसते पाठ."

"बुढा चांगला होता म्हना."

"ऐंशीच्या पुढचा जी."

"मी कुठं काई म्हनलं?"

मांडव केवढा म्हणून सांगू! आपल्या दसऱ्याच्या मैदानावर छत घातल्यासारखा. लांब बसलेल्यांसाठी पडदे. पलीकडे खाण्याचे स्टॉल, आणि तिथली गर्दी बघून मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. गाणं ऐकायला आलेली माणसं एवढं खातात हे पुणेकरांनी कधी बाहेर सांगितलेलं नाही. एक कलाकार उठला की दुसरा लावून घेईपर्यंत अर्धं पुणं वड्याच्या रांगेत.

"अन् सुरू कधी? रातच्याले?"

"दुपारी. आणि रात्री दहाला बंद."

"दहाले बंद?" काकूंना हे काही केल्या पटेना. "दहाले तं आमच्या नाटकाची नांदी नाई झाली रायत! दहाले तं लोकं घरून निंघते!"

नियम आहे जी. ध्वनिप्रदूषणाचे नियम आले 2000 साली, त्यात उघड्यावर रात्री दहानंतर भोंगा नाही. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट असते, ती शनिवारी मिळाली होती. मफलरवाल्या काकांचं यावरच जास्त दुःख. त्यांच्या आठवणीतलं सवाई रात्रभर चालायचं. रात्री अडीच-तीनला थंडीत शाल ओढून बसायचं, पहाटे भैरवी ऐकायची आणि चहा पिऊन घरी न जाता थेट नोकरीवर. "पहाटेचे राग आता आम्ही रेकॉर्डवरच ऐकतो," म्हणाले. मला वाटलं, या माणसाला एक दिवस पवनीला आणावं. राग नाही मिळणार, पण पहाट नक्की मिळेल.

"बरं गान्याचं सांग ना. खान्याचंच सांगून रायली मघापासून."

गाण्याचं सांगायची मला लाज वाटत होती, म्हणून मी ते लांबवत होते. पण काकूंपुढे किती लांबवणार?

पहिल्या दिवशी एक बाई गायला बसल्या. मागे दोन तानपुरे. त्यांनी एक तानपुरा जवळ घेतला, भोपळ्यावर वाकल्या आणि तार छेडली. पुन्हा छेडली. खुंटी तिळभर फिरवली. मग खालचा मणी बोटानं किंचित सरकवला. मग घोडीवर तारेखाली एक दोरा असतो, साधा सुती दोरा, तो नखानं हलवला. त्याबरोबर तारेचा आवाज एकदम उघडला, जणू बंद खोलीचं दार कोणी ढकललं. त्याला जवारी लागली म्हणतात, हे नंतर कळलं. हे सगळं आठ-दहा मिनिटं चाललं. हजारो माणसं गप्प. मला वाटलं हेच गाणं. छान आहे म्हटलं, जरा एकसुरी आहे इतकंच. बाईंनी मान हलवून तानपुरा मागे दिला, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

एकटीनंच.

"हाय हाय!" काकूंनी कपाळाला हात लावला. पण त्यांना हसू नाही आलं, त्या विचार करत होत्या. "थे बाई शीत दाबून पाहत होती व. भात झाला का नाई थे. भुकेल्या मानसाले तेवढ्यानंही बरं वाटते."

मग गाणं खरंच सुरू झालं आणि माझी खरी पंचाईत झाली. शब्द इनमीन चार. ते चार शब्द बाई घेऊन बसल्या आणि सोडीचनात. मी मनात म्हटलं, पुढचं कडवं कधी? पुढचं कडवं नसतंच मुळी! तबला इतका हळू की एक ठोका पडला आणि दुसरा यायच्या आत मी पोरीच्या लग्नाचा विचार करून परत आले. दुसऱ्या दिवशी तर मी चक्क झोपले, काकांच्या खांद्यावर. जाग आली ती मांडवातल्या सगळ्या माणसांनी एकदम 'आऽह' केलं तेव्हा. काय झालं म्हणून दचकून बघते तो काहीच झालं नव्हतं. बाई गात होत्या, तबलजी वाजवत होता आणि दोघं एकमेकांकडे बघून हसत होते.

काका म्हणाले, "सम."

तीन दिवस ते मला ती सम दाखवत होते. हाताच्या पेरांवर अंगठा ठेवून मात्रा मोजायचे. विलंबित एकताल, बारा मात्रा. एक फेरा पुरा व्हायला पाऊण मिनिटाच्या वर लागतो. तेवढ्या वेळात गाणारा कुठेही भटकून येवो, पहिल्या मात्रेवर, त्या 'धिं'वर, तबल्याच्या बरोबर येऊन टेकला पाहिजे. मला मोजता येत होतं, पण मोजलं की गाणं ऐकू येईना, आणि ऐकलं की मोजणं सुटे. शुक्रवारी मी काकांना म्हटलं, मला जमणार नाही, मी गणिताची बाई नव्हते. ते म्हणाले, "मोजू नका हो. वाट बघा."

हे मी काकूंना सांगत होते तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. सूप पालथं करून त्यांनी त्यावर बोटं ठेवली. काकू गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात खंजिरी वाजवतात. तुकडोजी महाराजांची खंजिरी त्यांच्या वडिलांनी समोर बसून ऐकलेली, त्यामुळे घरात ती आधी आली आणि कपबशा नंतर.

"कसं म्हनते थे, वाजवून दाखव."

मी तोंडानं म्हटलं, धिं… धिं… धागे… तिरकिट… प्रत्येक मात्रेला चार-चार सेकंद सोडत. काकूंनी सुपावर धरलं. पहिल्या फेऱ्यात थोड्या पुढे गेल्या. दुसऱ्यात मी चुकले, त्या नाही. तिसऱ्या फेऱ्याला त्यांनी डोळे मिटले आणि बारा संपून पहिलीवर बोट टेकवताना मान अशी खाली घेतली, अगदी तशी, जशी मफलरवाले काका घ्यायचे. मी बघतच राहिले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"रोवनीत नाई का?" त्या म्हणाल्या. "परे लावत आपन मांगं मांगं सरकतो. एक फरी गानं म्हनते, दुसरी फरी उचलते. हात चिखलात, डोरे हातावर. धुरा आपल्या पाठीशी. मांगं वरून कोनी पाह्यते का? पायाले समजते धुरा जवर आला म्हून. अन् धुऱ्याले टाच लागली की पंधरा बायका एका वक्ताले उभ्या होते अन् कंबरेवर हात ठेवते. थेच आहे थे. तुझी सम."

मी तीस वर्षं मुलांना रोवणीवर निबंध लिहायला लावले. 'शेतकऱ्याचे मनोगत', दहा गुण.

"अन् सगऱ्यायनं एकदम आह कराचं कारन तेच," काकू शेंगा निवडत पुढे म्हणाल्या. "कंबर सुटते ना बापा."

नातसून परत डोकावली. "आजी, भाजी टाकायची आहे, शेंगा देता का?" "देतो व, थांब," म्हणून काकूंनी तिला वाटेला लावलं आणि मला म्हणाल्या, "चपलेचं सांग. पोट्टी म्हने का तू दोन रंगाच्या चपला घालून आली होतीस."

बघा! ही बातमीसुद्धा!

झालं काय, मला थैलीची अक्कल पहिल्या दिवशी नव्हती. चटईच्या कडेला चपला काढल्या. दहाला कार्यक्रम संपला, सगळे एकदम उठले, अंधारात मीही पाय घातले आणि पोरीच्या मागे निघाले. घरी दिव्याखाली बघते तर उजवी माझी, चॉकलेटी, बसस्टँडजवळच्या दुकानातली. डावी काळी, मऊ, माझ्यापेक्षा दुप्पट किमतीची. पोरगी म्हणाली, जाऊ दे आई, नवीन घेऊ. मी म्हटलं, जाऊ कशी देऊ? कोणाची तरी चांगली चप्पल माझ्या पायात आहे. दुसऱ्या दिवशी तोच एक काळा, एक चॉकलेटी जोड घालून गेले. बैठकीतली माणसं रोज आपापल्या ठरलेल्या जागी बसतात. बघते तर माझ्या मागच्या रांगेत एक बाई उभ्या, पायात एक चॉकलेटी, एक काळी, आणि त्या प्रत्येकाच्या पायाकडे बघत होत्या. आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे नंतर बघितलं. आधी पायाकडे.

"भांडली?"

"भांडायचं काय त्यात? तिथंच बसून बदलल्या. मग उरलेले चारही दिवस सोबत वडे खाल्ले."

एक गोष्ट मी काकूंना त्या दिवशी नीट सांगू शकले नाही. उत्सव सुरू व्हायच्या तीनच दिवस आधी झाकीर हुसेन गेले होते, तिकडे अमेरिकेत. मांडवात, वड्याच्या रांगेत, पाण्याच्या नळाशी, जो तो त्यांच्याबद्दलच बोलत होता. एवढे एकमेकांना अनोळखी लोक एकाच माणसाबद्दल, घरातलं कोणी गेल्यासारखं, हळू आवाजात बोलताना मी कधी पाहिले नव्हते. मला त्यांचा तबला ठाऊक होता तो चहाच्या जाहिरातीतला. काकूंनाही तेवढाच. "केस उडवाचा थो?" एवढंच त्यांनी विचारलं आणि सुपावरचा हात क्षणभर काढून घेतला. शेवटच्या दिवशी मफलरवाले काकाही गप्पच होते. कित्येक वर्षं या उत्सवाचं शेवटचं गाणं प्रभाताई अत्र्यांचं असायचं, आणि त्या त्याच वर्षीच्या जानेवारीत गेलेल्या. सगळं संपल्यावर सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात, भैरवीची. खरखर फार आहे तीत. माणसं चटया गुंडाळता गुंडाळता थांबतात आणि उभ्यानं ऐकतात. तानपुरा काय, सम काय, मला तेव्हा काहीच आठवलं नाही. एवढंच वाटलं की हा माणूस फार लांबून, नदीच्या पलीकडल्या काठावरून हाक देतो आहे.

पण काकूंना दुसरंच हवं होतं. "अन् थो भीमसेन कसा शिकला म्हने? पोट्टी काईतरी सांगत होती, घरून पराला म्हून."

पळालाच होता. अकरा वर्षांचा पोरगा, गदगचा. अब्दुल करीम खाँची रेकॉर्ड ऐकली आणि गुरू शोधायला घर सोडलं. तिकिटाला पैसे नाहीत, डब्यात भजन म्हणून दाखवायचं आणि पुढच्या स्टेशनपर्यंत जायचं. ग्वाल्हेर, कुठं कुठं उत्तरेत भटकला. शेवटी गुरू मिळाले ते कुंदगोळला. म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर.

काकूंनी सूप उचललं. शेंगा झाल्या होत्या, त्यांच्याही आणि माझ्याही. "काखेत करसा," त्या म्हणाल्या, "अन् गावाले वरसा."

मी म्हटलं, हो ना, भीमसेनांचं तसंच झालं.

"मी भीमसेनाचं नाई म्हनून रायली."

आता मी सावध झाले.

"तीस वर्सं झाले बाई, दर भाऊबीजेले मी तुले म्हनतो, चाल मंडईले. एका वर्सी तुझे पेपर तपासाचे होते. एका वर्सी थंडी होती. मंग पोरीची बारावी. मंग तू म्हनली, रातभर बसनं नाई होत. अन् आता पाच दिवस भुईवर बसून आली. पैसे देऊन." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "दंडारीत माझा भाऊ ढोलकी वाजवत होता. मागच्या सालापर्यंत. थोही सम दाखवत होता व. त्याले थे नाव मालूम नव्हतं."

मला काही सुचलं नाही. त्यांचा भाऊ उन्हाळ्यात गेला. मी भेटायला गेले होते, बाहेर ओट्यावर बसले होते, चहा घेतला होता. ढोलकी वाजवत होता हे मला माहीत होतं, पण ते एखाद्याचा रक्तगट माहीत असावा तसं.

"पुढच्या मंडईला येते," मी म्हटलं.

"पोतं आनजो," काकू म्हणाल्या. "पाठीले उशी पायजे म्हनशील तं थेही आन." आणि आत गेल्या.

दिवसभर मग त्यांची हालचाल दिसली नाही. दुपारी धान्याच्या केंद्रावरून ट्रॅक्टर आला, त्यांचा मुलगा ओरडून काहीतरी सांगत होता, तेवढंच. संध्याकाळी मी दिवा लावत होते तेव्हा कुडापलीकडून खंजिरी सुरू झाली. रोजचंच भजन, आमच्या भिंतींनाही पाठ असलेलं. पण काकूंनी ते इतकं हळू धरलं होतं की मला आधी कळलंच नाही कोणतं आहे ते. एक शब्द. थांबणं. खंजिरीच्या झांजा नुसत्या थरथरतात, वाजत नाहीत. मग दुसरा शब्द. मी काडेपेटी हातात धरून उभी. आता टेकेल, आता टेकेल.

"आजी!" आतून नातसून ओरडली. "काय लावलं हे? लवकर म्हणा ना, दूध उतू जाऊन राहिलं इकडे!"

"जाऊ दे," काकू म्हणाल्या, आणि पुढचा ठोका कितीतरी वेळानं पडला.